परक्या लाकडाचा हिशेब : अमेरिका आणि जपान

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण आम्हांस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दिलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. परंतु आजच्या भाषणाचा प्रारंभ एका कबुलीने करणे आम्हांस प्राप्त आहे. गेल्या वर्षी याच ठिकाणी बोलताना आम्ही अमेरिका व जपान या दोन देशांच्या आयात लाकडावरील खर्चाची तुलना केली होती. जपानचा चिरीव लाकडावरील खर्च १९९६ पासून पुढील दोन तपांत एकंदरीने उतरत गेला, अमेरिकेचा मात्र २०२१ साली एकदम चढला, असे आम्ही सांगितले. तेवढ्यावरून, जपानसारखा लाकडी घरांचा देशही आता लाकूड सोडू लागला आहे आणि आपल्या पिढीजात धंद्याचे दिवस भरत आले आहेत, असा निष्कर्षही काढून आम्ही मोकळे झालो.

सभा संपल्यावर एक वयोवृद्ध मिस्त्री आमच्याजवळ आले. म्हणाले, "मास्तर, खर्च सांगितलात, माप सांगितले नाहीत. वखारीत बिल वाढले म्हणजे लाकूड जास्त आले असे आम्ही कधी धरत नाही." आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु ते वाक्य मनातून गेले नाही. पुढे आमच्याच विधानाचा आधार घेऊन, सुतारकाम शिकणाऱ्या मुलांचे विद्यावेतन बंद करावे असा ठराव काही तरुण सभासदांनी पाठविला. तो ठराव आजच्या सभेपुढे आहे. चुकीच्या आकड्यावर बरोबर निर्णय उभा राहत नाही. म्हणून वर्षभर या विषयाचा जो अभ्यास आमच्या हातून झाला, तो आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. व्यापारात ज्याला 'सॉफ्टवुड' म्हणतात ते सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड होय. चीड, देवदार, स्प्रूस, फर ही त्याची कुळे. हाताला नरम लागते म्हणून ते सॉफ्टवुड, असे नव्हे. आपली सावर नखाने खरवडता येते, तरी शास्त्राच्या दृष्टीने ती 'हार्डवुड' ठरते. अमेरिकेतील व जपानमधील बहुतेक लाकडी घरांचा सांगाडा या सूचिपर्णी लाकडाचा असतो. त्यामुळे या एका मालावरील खर्च पाहिला, तर त्या देशांचे घरबांधणीचे मान बरेचसे कळते. मात्र तो वाचण्याची रीत ठाऊक हवी.

आता अमेरिकेकडे वळू. या देशाची गंमत अशी की, चिरीव सूचिपर्णी लाकूड करणाऱ्या जगातील अग्रगण्य देशांत तो आहे आणि ते विकत घेणाऱ्या अग्रगण्य देशांतही आहे. त्याच्या एकूण गरजेपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश हिस्सा शेजारच्या कॅनडातून येतो. अलीकडे जर्मनी, स्वीडन या देशांचा मालही वाढला आहे, परंतु मुख्य पुरवठादार कॅनडाच. त्यामुळे अमेरिकेचा हा खर्च कशाच्या मागे धावतो, तर घरांच्या. २००५ साली त्या देशात सुमारे २०.७ लाख नव्या घरांची कामे सुरू झाली. पुढे गृहकर्जांचा फुगा फुटला आणि २००९ साली ती संख्या साडेपाच लाखांवर आली. चार वर्षांत कामे चौथाईवर आल्यावर लाकडाची खरेदीही कोसळली. त्या वर्षांतला उतरता खर्च ही काटकसर नव्हती, ते बेकारीचे चिन्ह होते. कॅनडातील कित्येक करवत गिरण्यांना त्या काळात टाळे लागले.

याच्या उलट २०२१ ची गोष्ट. साथीच्या पहिल्या लाटेत गिरण्यांनी उत्पादन आवरले. परंतु घरी बसलेल्या लोकांनी घरे दुरुस्त करण्याचा आणि नवी घेण्याचा सपाटा लावला. सन २०२० च्या आरंभी हजार बोर्ड फुटांस सुमारे ४०० डॉलर असलेला वायदेबाजाराचा भाव मे २०२१ मध्ये १,६०० डॉलरांच्या पलीकडे गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ५०० च्या आसपास परत आला. म्हणजे तेच लाकूड काही महिने चौपट दराने विकले गेले. त्या वर्षीचा खर्च पाहून 'अमेरिकेने चौपट लाकूड आणले' असे कोणी म्हणेल, तर तो आमच्याच गेल्या वर्षीच्या चुकीत सापडेल.

अमेरिकेच्या वहीत आणखी एक बाब आहे, ती जकातीची. कॅनडातील जंगलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जंगल सरकारी, आणि त्यातील बहुतांश प्रांतांच्या मालकीचे आहे. उभ्या झाडाचे मोल तेथे प्रांतिक सरकार ठरविते. अमेरिकेत मात्र बरेचसे इमारती लाकूड खाजगी जंगलातून, बाजारभावाने येते. 'तुमचे सरकार झाडे स्वस्त देते, हे छुपे अनुदान होय', असा अमेरिकन गिरणीवाल्यांचा आक्षेप. 'नाही, आमची पद्धत निराळी आहे इतकेच', असा कॅनडाचा जबाब. १९८२ साली सुरू झालेले हे भांडण अद्याप मिटलेले नाही. १९८६ अखेरच्या करारान्वये कॅनडाने स्वतःच १५ टक्के निर्यातकर लावला. १९९६ ते २००१ या काळात ठराविक कोट्यापर्यंतच माल विनाकर जात असे. २००२ साली सुमारे २७ टक्के जकात बसली. २००६ च्या समझोत्यात वसूल झालेल्या सुमारे ५ अब्ज डॉलरांपैकी ४ अब्जांहून अधिक रक्कम परत देण्यात आली. तो समझोता २०१५ च्या ऑक्टोबरात संपला आणि २०१७ पासून जकात पुन्हा लागू झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक कॅनेडियन कंपन्यांकरिता ती सुमारे ३५ टक्क्यांवर गेली, आणि ऑक्टोबरात तिच्यावर आणखी १० टक्क्यांची भर पडली.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावयाचा. आयातीचे मूल्य म्हणून जो आकडा छापला जातो, त्यात ही जकात धरलेली नसते. घर बांधणाऱ्याच्या खिशातून मात्र तिचा भार जातो. म्हणजे देशाचा छापील खर्च आणि घरवाल्याचा खरा खर्च हे दोन निराळे आकडे होत.

आता जपान. या देशाचा दोन तृतीयांश भूभाग जंगलाने व्यापलेला आहे, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. इतके जंगल असता तो लाकूड बाहेरून का घेतो? याचे उत्तर युद्धकाळात आणि युद्धोत्तर काळात आहे. युद्धासाठी आणि नंतर जळालेली शहरे उभारण्यासाठी तेथील डोंगर बोडके झाले होते. १९५० नंतर सरकारने मोठ्या प्रमाणावर लागवड हाती घेतली. सुगी नावाचा देवदारासारखा वृक्ष आणि हिनोकी नावाचा सरूच्या जातीचा वृक्ष सर्वत्र लावले गेले. आज त्या देशात सुमारे १ कोटी हेक्टर लावलेले जंगल असून त्यापैकी सुमारे ४४ लाख हेक्टर एकट्या सुगीचे आहे. परंतु झाड लावले म्हणजे तुळई मिळत नाही. मधल्या पन्नास वर्षांचे काय? म्हणून १९६४ पर्यंत लाकडाची आयात पूर्णपणे खुली करण्यात आली.

योगायोग पाहा. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रचंड वादळ झाले. ओरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांत सुमारे अकराशे कोटी बोर्ड फुटांचे वृक्ष एका दिवसात आडवे झाले. पडलेले लाकूड कुजण्यापूर्वी विकणे भाग होते आणि स्थानिक गिरण्यांस ते सारे चिरणे शक्य नव्हते. पलीकडच्या किनाऱ्यावर जपान हा गरजू ग्राहक उभाच होता. तेथून ओंडक्यांच्या व्यापारास जो जोर चढला, तो पुढे दशकानुदशके टिकला. १९५५ साली गरजेच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लाकूड स्वतःच्या जंगलातून घेणारा जपान २००२ साली १९ टक्क्यांच्याही आत आला. आणि नेमक्या याच काळात त्याने लावलेली झाडे तोडणीस येत होती!

असे का व्हावे? पहिले कारण चलनाचे. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन पडत. १९८५ च्या उन्हाळ्यात सुमारे २४० पडत. त्या वर्षीच्या सप्टेंबरातील प्लाझा करारानंतर दोन-अडीच वर्षांत ते १२० वर आले. १०० डॉलरचे लाकूड घेण्यास प्रथम ३६,००० येन, मग २४,००० आणि नंतर १२,००० येन! अमेरिकन वहीत खर्च तोच. जपानी वहीत तिसरा हिस्सा. परके लाकूड इतके स्वस्त पडू लागल्यावर उभ्या डोंगरउतारावरचा सुगी तोडून खाली आणणे कोणास परवडणार? २०२४ च्या जुलैत हाच दर १६० येनांवर गेला, तेव्हा तेच १०० डॉलर पुन्हा १६,००० येनांचे झाले.

दुसरे कारण चिरणीचे. जपान पूर्वी मुख्यत्वे ओंडके आणून आपल्या गिरण्यांत चिरीत असे. १९९० साली ठिपकेदार घुबड संकटग्रस्त म्हणून संरक्षित ठरल्यानंतर अमेरिकेच्या पश्चिमेकडील संघराज्याच्या जंगलांतील तोड झपाट्याने उतरली आणि ओंडके महागले. मग कॅनडातून आणि पुढे युरोपातून चिरलेला माल अधिक येऊ लागला. ओंडक्याचा खर्च एका रकान्यात पडतो, चिरीव लाकडाचा दुसऱ्यात. करवत चालण्याची जागा तेवढी बदलली, पण रकाना पाहणाऱ्यास वाटते की लाकूड वाढले.

तिसरे कारण गुणवत्तेचे. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात जुनी लाकडी घरे मोठ्या संख्येने कोसळली. २००० साली असा कायदा लागू झाला की, नव्या घराच्या सांगाड्याच्या दोषास बांधणारा दहा वर्षे जबाबदार राहील. साहजिकच प्रत्येकाला सुकवलेले, न वळणारे, एका मापाचे लाकूड हवे झाले. ओला सुगी पाण्याने जड असतो आणि लहान गिरण्यांपाशी सुकवणीच्या भट्ट्या नव्हत्या. युरोपातून मात्र पातळ फळ्या डिंकाने जोडून केलेले खांब व तुळया तयार येत होत्या. आता पाहा : हे जोडीव खांब आयातीच्या वहीत 'चिरीव लाकूड' या सदरात येतच नाहीत, त्यांचे सदर वेगळे! ज्या घराचा खांब आणि तुळई परक्या लाकडाची, त्या घराचे ते लाकूड आमच्या गेल्या वर्षीच्या आकड्यात नव्हतेच.

एवढ्या माहितीनंतर आम्ही आमची जुनी तुलना पुन्हा मांडून पाहिली. तिच्यात निदान चार दोष निघाले. ते सांगतो.

पहिला दोष मापाचा. अमेरिकन बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळी. असे बारा बोर्ड फूट मिळून आपला एक घनफूट. परंतु तेथे ज्याला 'दोन बाय चार' म्हणतात, ती पट्टी रंधून-सुकवून प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांची असते. नावाने आठ चौरस इंच, हातात सव्वापाच! रुपयातील आठ आण्यांचे नाव आणि सव्वापाच आण्यांचा माल म्हणावयाचा. हिशेब मात्र आठानेच होतो. उलट जपान घनमीटर मोजतो. अमेरिकन आकडा सरळ गणिताने घनमीटरमध्ये बदलला, तर त्या पट्टीपुरते लाकूड दीडपट फुगलेले दिसते.

दुसरा दोष भाड्याचा. जपानच्या आयातमूल्यात जहाजाचे भाडे व विमा धरलेला असतो. अमेरिकेच्या सर्वसाधारणपणे छापल्या जाणाऱ्या मूल्यात तो नसतो. एकाने वखारीतला दर सांगावा, दुसऱ्याने घरपोच दर सांगावा आणि तिसऱ्याने त्यांची तुलना करावी, असा तो प्रकार होय.

तिसरा दोष चलनाचा. आम्ही सारे डॉलरात मोजले होते. येनात मोजले असते तर रेषेचे चढउतार निराळे दिसले असते.

चौथा दोष सर्वांत मोठा. घरे किती बांधली, हे आम्ही पाहिलेच नाही. जपानात १९७३ साली १९ लाखांवर आणि १९९६ साली १६ लाखांवर नव्या घरांची कामे सुरू झाली; २००९ साली ती आठ लाखांच्या आत आली. लोकसंख्या वृद्ध झाली, मग घटू लागली. खर्चाची रेषा उतरली ती मुख्यत्वे घरे कमी झाल्यामुळे. लाकूड सोडल्यामुळे नव्हे! आजही तेथील नव्या घरांपैकी निम्म्याहून अधिक लाकडी असतात आणि स्वतंत्र घरे तर बहुतेक लाकडीच. म्हणून 'जपान लाकूड सोडीत आहे' हे आमचे विधान चुकीचे होते. ते आम्ही आज या सभेपुढे मागे घेतो.

मग धंद्याचे काय? येथे आम्हांस प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जपानात लाकडी घर राहिले, पण सुतार राहिला नाही. १९८० च्या जनगणनेत तेथे सुमारे ९.४ लाख सुतार होते. २०२० च्या जनगणनेत ते तीन लाखांच्या आत आले. त्यांत तिशीच्या आतले दहांत एकही नाही. सांधे कापण्याचे काम आता बहुतांशी कारखान्यातील यंत्रे करतात. हे पाहून आमचे तरुण सभासद म्हणतील, 'मग आमचा ठराव बरोबरच आहे.'

थोडे थांबा. २०२१ साली अमेरिकेने भाव चढविले तेव्हा परके लाकूड जपानकडे यायचे घटले. तेथील लोकांनी त्या संकटास 'लाकडाचा धक्का' असेच नाव दिले. पुढच्या वर्षी रशियानेही जपानला ओंडके देणे बंद केले. आता पन्नास-साठ वर्षांचा सुगी दाराशी उभा होता. पैसाही होता. नव्हते काय? डोंगरावर तोड करणारे पुरेसे हात नव्हते, सुकवणीच्या पुरेशा भट्ट्या नव्हत्या, आणि त्या लाकडाचा स्वभाव ओळखून ते कोठे घालावे हे सांगणारे अनुभवी मिस्त्री विरळ झाले होते. अलीकडे स्वदेशी लाकडाचा हिस्सा ४० टक्क्यांच्या वर गेला आहे, ही गोष्ट खरी. परंतु त्यात एकूण मागणी घटल्याचा आणि जळणाचे लाकूड हिशेबात धरू लागल्याचाही वाटा आहे. दरम्यान न तोडलेल्या सुगीच्या परागांनी दर दहा जपान्यांपैकी सुमारे चौघे शिंकत असतात. शेवटी २०२३ साली सरकारला सुगीची बने दहा वर्षांत दोन दशांशांनी कमी करण्याचा बेत जाहीर करावा लागला. आजोबांनी लावलेले झाड घरात तुळई म्हणून आले नाही, ते नातवाच्या नाकात आले!

जे हात आणि जे ज्ञान स्वस्ताईच्या काळात सोडून दिले, त्याची किंमत महागाईच्या काळात द्यावी लागते. आणि ती आयातीच्या कोणत्याही रकान्यात छापलेली नसते. वर्षभराच्या अभ्यासातून आम्ही शिकलो ते एवढेच.

आपल्या देशाचा या गोष्टीशी संबंध आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. १ एप्रिल २०१४ पासून ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, ओंडक्यांची निर्यात थांबविली आणि तेथील सागाचे ओंडके मिळणे बंद झाले. कांडला बंदरात न्यूझीलंडचे पाइन उतरते आणि गांधीधामच्या गिरण्यांत चिरून ते देशभर जाते. आपल्यापैकी पुष्कळांच्या रंध्याखाली ते आलेलेच आहे. ते लाकूड वाईट नाही. परंतु ऐन, किंजळ, फणस, शिसव यांचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे, असे मिस्त्री आपल्या ज्ञातीत आज किती उरले आहेत? त्यांच्यामागे ती विद्या कोणाकडे जाणार?

अध्यक्ष महाराज, ठरावाविषयी सभेने काय करावे हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमची एवढीच विनंती आहे की, आमच्या गेल्या वर्षीच्या आकड्याचा आधार कोणी घेऊ नये. विद्यावेतन चालू राहिले, तर मात्र त्याचे स्वरूप जुन्यासारखे ठेवू नये असे आम्हांस वाटते. मुलाने पटाशी आणि गुण्या तर धरावाच, परंतु त्याच्या जोडीला लाकडातला ओलावा मोजणे, परक्या मालाची मापे समजून घेणे, दर आणि चलन यांचा हिशेब ठेवणे हेही शिकावे. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एका वृद्ध मिस्त्रींकडून एका तरी स्थानिक झाडाची संपूर्ण माहिती लिहून आणावी. अशी वीस मुले वीस वर्षे शिकली, तर आपल्या संस्थेपाशी असा ग्रंथ तयार होईल, जो कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही.

ज्या मिस्त्रींनी गेल्या वर्षी आमची चूक दाखविली, ते आज पुढच्या रांगेत बसलेले आहेत. त्यांस आम्ही या सभेसमक्ष नमस्कार करतो. मास्तर म्हणवून घेणाऱ्याला त्यांनी एका वाक्यात मोजमाप शिकविले.